अक्काचे बासष्ट किलो

शपथेवर सांगतो साहेब, एक अक्षर खोटं नाही यात. अडुसष्ट किलो. तुमचं. आता हातात तो थर्मास आहे, पायात बूट आहेत, ते धरून सत्तरला टेकाल, पण ते चहाचं आणि चामड्याचं वजन झालं, ते तुमच्यावर कशाला लादायचं. बरोबर ना? बघा, मान हलली. तुम्ही नाही म्हणायच्या आत मान हलली. तीस वर्षं झाली या डोळ्यांना, माणूस दारातून आत आला की आकडा त्याच्या कपाळावर लिहिलेला दिसतो — हसू नका, आमच्या गोदामात कुणालाही विचारा, 'काटा' कोण म्हणून, लहान पोरगंसुद्धा माझ्याकडे बोट — पोरगं नाही म्हणा, गोदामात पोरं कुठली, पण हमाल सांगतील, ड्रायव्हर सांगतील. बरं, आता तुम्ही असे टक लावून बघायलाच लागलात तर सांगून टाकतो. मगाशी रक्त द्यायच्या खोलीबाहेर नर्सबाईंनी तुम्हाला वजनाला उभं केलं, तेव्हा मी तुमच्या मागेच पाणी पीत होतो. लाल दिव्यातला आकडा, हाताएवढा मोठा. आंधळ्यालाही दिसेल. तर आजचं तेवढं सोडून द्या, आजची कॉपी झाली. पण यापुढे जे सांगेन ते शंभर टक्के. नव्व्याण्णव धरा.

नाही, आत जाणार आहे ना, जाणार आहे. भेटायची वेळ चारची, माहीत आहे मला, सव्वाचार होऊन गेले तेही दिसतंय. साडेचारला मोठे डॉक्टर येतात, त्यांच्या आधी गेलो म्हणजे झालं. तुमचं कोण आहे आत? — सासरे. अच्छा. सासऱ्यांसाठी रक्त दिलंत म्हणजे चांगले जावई आहात, माझ्या सासऱ्यांना तर मी नुसता आवाज दिला तरी त्यांचं रक्त — जाऊ द्या. माझी अक्का आहे आत. ती बघा सात नंबरची खोली, दाराला टेकून ते उंच गृहस्थ उभे आहेत ना, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले, ते आमचे दाजी. अक्काचे यजमान. घड्याळं दुरुस्त करतात. गेला अर्धा तास ते मला शोधताहेत आणि मी या खांबाआड तुमच्याशी बोलत बसलोय. तुम्ही जरा असे इकडे सरकलात तर बरं होईल. आणखी थोडे. हां. तुमचे अडुसष्ट किलो कामाला आले.

काम काय करतो? वजन. एवढंच. माल येतो, काट्यावर चढतो, मी आकडा पुकारतो, पावती फाटते. पण गोदामात काट्यावर चढायच्या आधी मालाचं तोंडी वजन होतं, ते तुम्हा बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं. हमाल पाठीनं जोखतो — खोकं नुसतं कलतं करून बघेल आणि म्हणेल, हे दोघांचं आहे. ड्रायव्हर टायरकडे बघून आडाखा बांधतो. ज्याचा माल असतो तो जिभेनं तोलतो, आणि त्याच्या जिभेवर नेहमी पाच किलो कमी भरतात. आमचे जुने मॅनेजर नुसता हुंकार द्यायचे, त्याला आम्ही अदमास म्हणायचो. लहान माणूस करतो तो अंदाज आणि खुर्चीतला माणूस करतो तो अदमास. पण या सगळ्यांच्या बोलण्यात एक शब्द ठरलेला — अंदाजे. अंदाजे चाळीस. फार गुणी शब्द आहे साहेब. चूक निघाली की तोच पुढे होऊन मार खातो, बोलणारा मागे सुखरूप. मी तो शब्द तीस वर्षांत तोंडात घेतला नाही. मी म्हणायचो, चाळीस पाचशे. आणि नव्या काट्यावर चाळीस पाचशेच निघायचे. कसे म्हणजे? डोळा. सांगितलं ना.

एक हमाल होता, काडीसारखा, म्हणून त्याला आम्ही पैलवान म्हणायचो. एका दुपारी लवकर सुट्टी मागून निघाला. मी खुर्चीतून न उठता म्हटलं, 'पैलवान, सकाळी आलास तेव्हा सत्तावन्न होतास, आता एकसष्ट आहेस. दुपारी जेवलास तरी काय?' सगळे हसले. तो हसला नाही. पोटाला फडक्यानं बांधलेले आठ पितळी नळ निघाले. झालं, तेव्हापासून माझं नाव गेलं आणि काटा पडलं. मॅनेजरनी माझ्या खुर्चीला उशी दिली. पैलवानाची नोकरी गेली, ते तेव्हा मला काही वाटलं नाही, हल्ली वाटतं. आणि एकदा तर, ऐका, मी एक खोकं बघून म्हटलं, यात कालच्यापेक्षा तीन किलो जास्त आहे. उघडलं, तर आत मांजर झोपलेली, आणि तिच्या पोटाशी चार पिल्लं — नाही, पिल्लं मी नंतर घातली. मांजर खरी होती.

बघा, भुवई उचललीत. तीस वर्षं माणसांकडे बघतोय, भुवई ओळखतो. सांगतो. आता या वयात लपवून करायचंय काय. गोदामाच्या दारात एक जुना काटा आहे, जमिनीत बसवलेला. हातगाडी मालासकट थेट वरून जावी म्हणून जमिनीच्या पातळीत, वर लाकडी फळ्या. त्याची तबकडी पूर्वी दाराशीच होती, ट्रक मागे घेताना ती फुटली. तेव्हा मेकॅनिकनं नवी तबकडी आतल्या बाजूला, माझ्या टेबलाखाली बसवून दिली, तात्पुरती म्हणून. पुढे तो लाल आकड्यांचा चकचकीत काटा आला, जुन्यावर 'बंद' अशी पाटी लागली, मेकॅनिक गेला, मॅनेजर बदलले, आणि तो काटा बंद आहे हे सगळ्यांना माहीत झालं. काट्याला सोडून. दारातून जो कुणी येईल-जाईल तो त्या फळ्यांवर पाय ठेवणार, आणि माझ्या गुडघ्यापाशी सुई हलणार. खोकीही त्यावरूनच आत यायची. मी काय करायचो — मान खाली घालायचो, कपाळाला बोट लावायचो. लोकांना वाटायचं, विचार करतोय. — नाही, फसवणूक म्हणू नका. गंमत म्हणा. आणि ती सुरुवातीची गोष्ट झाली. सुई आणि माणूस, माणूस आणि सुई, असं वीस वर्षं बघितल्यावर डोळा तयार होणार नाही? शिंप्याचा होतो. सोनाराचा होतो. माझाही झाला. झाला असं धरून चाला ना तुम्ही, पुढचं सांगायला सोपं जाईल.

तर अक्का. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. दर महिन्याला गोदामात यायची, भाचीला पार्सल पाठवायला. भाची म्हणजे तिची मुलगी, दूरच्या शहरात नोकरीला आहे, आणि अक्काची अशी ठाम समजूत की त्या शहरात मोजे मिळत नाहीत. यायची, पिशवी दाराबाहेर ठेवायची, रिकाम्या हातांनी त्या फळ्यांवर उभी राहायची आणि अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, 'सांग रे काटा.' सगळे हमाल कामं सोडून बघायचे. मी मान खाली, कपाळाला बोट. 'बासष्ट.' की ती हमालांकडे वळायची, 'आणि याला लहानपणी तेराचा पाढा येत नव्हता.' शाळेत मी सहावीत दोनदा बसलो, साहेब. घरात मला हुशार म्हणणारी ती एकटी होती, आणि इतकी वर्षं तिच्याकडे पुरावा नव्हता. तो असा मिळाला. मग काय. तिच्या बिल्डिंगमध्ये मी गेलो की जिन्यात बायकांची रांग. 'आमच्या काट्याला दाखवा, डॉक्टरकडे कशाला पैसे घालता.' तिथं काय फळ्या नव्हत्या. मी बघायचो, मनाला वाटेल तो आकडा धरायचो आणि त्यातून तीन किलो वजा करायचो. एकही बाई कधी काट्यावर जाऊन खात्री करून भांडायला आली नाही. तीन किलो कमी सांगणाऱ्याला कोण कशाला खोटं पाडेल? तुम्ही पाडाल?

दीड वर्षापूर्वी अक्काचे गुडघे गेले. गोदामाच्या पायऱ्या तिला चढवेनात. मग महिन्याच्या पहिल्या रविवारी मीच तिच्याकडे जायला लागलो, पार्सल आणायला. गेलो की चहा व्हायचा, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, चौकटीला धरून, घरातला तो सैल गाऊन घातलेला. 'सांग रे काटा.' मी कपाळाला बोट. 'बासष्ट.' कधी चवीपुरतं 'साडेएकसष्ट, काल रात्री नीट जेवली नाहीस तू.' ती खूश. दाजींना म्हणायची, 'बघा, माझं जेवण तुमच्या लक्षात राहत नाही, त्याला बघून कळतं.' आता तुम्ही म्हणाल, मला दिसत नव्हतं का? दिसत होतं, साहेब. दिसत होतं. साठ झालं, अठ्ठावन्न झालं, गालाखाली खड्डा पडायला लागला. पण बहीण आहे. माझ्या शब्दावर उभी आहे. तिच्या तोंडावर कसं म्हणायचं, अक्का, तू उतरतेयस? म्हणून बासष्ट. माया म्हणा. भित्रेपणा म्हणा.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी दाजी म्हणाले, 'घरात एक छोटा वजनकाटा आणून ठेवू का? ही मला बारीक वाटतेय.' मी काय म्हणालो सांगू? मी म्हटलं, 'आणा की. जरूर आणा. मग मला पार्सल न्यायलाच बोलवत जा, हमाल आहेच मी.' अक्का दाजींवर अशी उसळली, 'माझ्या भावावर काटा आणून ठेवताय?' दाजी गरीब माणूस, बायकोच्या माहेरच्या माणसाशी वाद घालणं त्यांच्या रक्तात नाही. विषय मिटला. माझी बायको एकदा परत येताना रस्त्यात म्हणाली, 'अक्कांच्या गळ्याची हाडं वर आलीत हो.' मी म्हटलं, 'तुला वजनातलं काय कळतं?' तिनं पुढे काही म्हटलं नाही. ती अजूनही म्हणत नाही. भांडली असती तर निदान मी उलटून बोललो असतो.

तीन आठवडे झाले, भाची न कळवता आली. रविवार होता, मी तिथंच होतो, पार्सलाला दोरी बांधत होतो. पोरगी दारातून आत आली, आईला मिठी मारली आणि तशीच थांबली. सोडेचना. मग आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, 'मामा, आईला काय झालंय?' मी म्हटलं, 'कुठं काय? बासष्ट आहे.' तिनं आईला उचलली, साहेब. उचलली. लहान मुलाला कडेवर घेतात तशी, आणि तीन जिने उतरून खाली गाडीत नेऊन बसवली. अक्का जिन्यातून मला हाका मारतेय, 'अरे हिला सांग, मी पडेन, मी जड आहे.' इथं आल्यावर काट्यावर उभं केलं. एकोणपन्नास.

तेरा किलो. तीन वर्षांचं चालतं-बोलतं मूल असतं तेवढं. या बाकावरच बसलो होतो मी. नाही, हा नाही, पलीकडचा. भाची माझ्यासमोर उभी, दाजी शेजारी, बायको भिंतीला. कुणी काही विचारत नव्हतं, आणि प्रत्येकजण विचारत होता. मग दाजीच हळूच म्हणाले, 'तुला दिसलं असेल ना रे? तुला तर दिसतं.' मी म्हटलं, 'दिसत होतं दाजी. तिला घाबरवायचं नव्हतं.' मला वाटलं, आता हे माझ्या कानाखाली वाजवतील, आणि वाजवली असती ना, तर आज मी इथं खांबाआड बसलो नसतो. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, 'म्हणजे एवढे दिवस एकट्यानं सोसलंस.' भाची रडायला लागली, म्हणाली, मामा, मला तरी फोन करायचा. बायकोनं पाणी आणून दिलं. मी प्यालो. सगळं प्यालो, ग्लास परत दिला, वर 'आणखी आहे का' म्हणालो.

थांबा, बघतायत का ते इकडे? — नाही, आत वाकून बघतायत. बरं.

मग डॉक्टर म्हणाले, वजन कधीपासून उतरायला लागलं? हळूहळू की एकदम? हे फार महत्त्वाचं आहे. तपासण्या दोन्हीकडे बोट दाखवताहेत म्हणे. हळूहळू उतरलं असेल तर आजार सावकाशीचा, औषधं देऊन महिना-दोन महिने थांबता येतं. झपाट्यानं उतरलं असेल तर थांबायला वेळ नाही, या आठवड्यातच कापायचं. दाजींनी माझ्याकडे बघितलं. भाची म्हणाली, 'मामांनी दर महिन्याला बघितलंय, त्यांना सगळं पाठ असतं.' माझ्या हातात कागद दिला, पेन दिलं. 'मामा, तेवढं लिहून काढा.' मी लिहून काढलं. कागदावर पट्टी ठेवून रेघा मारल्या. डावीकडे महिना, उजवीकडे किलो आणि ग्रॅम. ग्रॅम, साहेब. एका ओळीत तर मी सातशे लिहून खोडलं आणि सहाशे केलं. डॉक्टर तरुण आहेत, चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, 'हे फार मोलाचं आहे. इतकं नीट कुणी ठेवत नाही.' आता खरं सांगू? मला बरं वाटलं. माझी बहीण आत हाडांवर कातडं घेऊन पडलीय, आणि मला बरं वाटलं. मी म्हटलं, 'सवय आहे डॉक्टर, धंदाच आमचा तो.' कागद फाईलमध्ये लागला, सगळ्यात वर. तेव्हापासून औषधं चालू आहेत, आणि सगळे थांबलेत. माझ्या कागदावर विश्वास ठेवून थांबलेत. आज मोठे डॉक्टर शेवटचं ठरवणार, थांबायचं की कापायचं.

आणि आज सकाळी खाली चहा पिताना दाजींनी खिशातून अक्काचं घड्याळ काढलं. इथं दागिने, घड्याळ काही ठेवू देत नाहीत ना, म्हणून तेच खिशात बाळगतात, सारखं पुसतात. पट्ट्याला तीन नवी भोकं. दाजी सहज सांगायला लागले, मन रमवायला बोलतो ना माणूस, तसे. म्हणाले, 'ही तिन्ही मीच पाडली. पहिलं पाडलं त्या दिवशी माझ्या दुकानाचं शटर अडकलं होतं, तू तेल घेऊन आला होतास बघ. दुसरं त्यानंतर महिन्यानं. तिसरं पोरगी यायच्या आधी चार दिवस.' घड्याळवाल्याचं असंच असतं, त्याला दिवस लक्षात राहतात. मग म्हणाले, 'त्याच्या आधी चार वर्षं तोच पट्टा, तेच भोक. चामडं एकदा ताणायला लागलं की ताणतच जातं, नाही का? तूच म्हणालास.' मीच म्हणालो होतो. दुसऱ्या भोकाच्या वेळी त्यांनी मला पट्टा दाखवला होता, आणि मी म्हटलं होतं, दाजी, चामडं ताणतं.

शटर अडकलं होतं त्या दिवसापासून पोरगी आली त्या दिवसापर्यंत मी बोटांवर आठवडे मोजले. नऊ. चहा तसाच राहिला. नऊ आठवड्यांत तीन भोकं. आणि माझा कागद म्हणतो अठरा महिने. माझ्या कागदावर ती अशी उतरलीय, साहेब, एकेक पायरी, मधे मधे टेकत, कठड्याला धरून. उतरताना कुणाची धांदल नाही, कुणाला घाई नाही. दाजींच्या लक्षात आलं नाही. त्यांना वाटतं, मोजणारा मी आहे, ते फक्त भोकं पाडतात.

हो, सांगावं लागेल. ते कळतं हो मला. तुम्ही इतकं हळू आवाजात म्हणालात ते बरं केलंत. पण पट्ट्याचं सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, मग तुमच्या कागदात असं कसं? सकाळपासून मी उत्तरं तयार करतोय. महिने चुकले म्हणू? उतरवून घेताना ओळी सरकल्या म्हणू? मगाशी नर्सबाई जरा बाजूला गेल्या तेव्हा मी टेबलापर्यंत गेलो होतो, पेन घेऊन. म्हटलं, कागदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'अंदाजे' लिहून टाकू. एवढंच. तीस वर्षांत पहिल्यांदा. फाईल उघडली, कागद समोर, तेवढ्यात त्या आल्या, म्हणाल्या, 'मामा, काय हवंय?' इथं सगळे मला मामाच म्हणतात, भाचीचं ऐकून. म्हटलं, काही नाही, बघत होतो, किती झालंय. तर त्या म्हणाल्या, 'तुम्हाला कागद कशाला लागतो? तुम्हाला नुसतं बघून कळतं ना?' आणि हसल्या. त्यांनाही अक्कानं सांगितलंय. इथल्या काट्यावर उभं राहताना ती डोळे मिटून घेते, आकडा ऐकत नाही. म्हणते, माझा भाऊ आला की सांगेल.

ते बघा. लिफ्टमधून उतरले ते, मधले, उंच, हातात काही नाही ते. मोठे डॉक्टर तेच. मागून तरुण डॉक्टर, त्यांच्या काखेत फाईल. साडेचारला दोन मिनिटं कमी आहेत अजून, लोक उगाच वेळेआधी येतात. दाजींनी बघितलं इकडे. बघितलं. हात करतायत.

ऐका. थोडक्यात सांगतो, आत जाऊन मला हेच बोलायचंय, एकदा कुणासमोर बोलून बघू दे. त्या कागदावर एकोणीस ओळी आहेत. पहिली बासष्टची, ती खरी, अक्का शेवटची त्या फळ्यांवर उभी राहिली होती तेव्हा सुई तिथं होती. शेवटची एकोणपन्नासची, ती इथल्या काट्याची. मधल्या सतरा मी पलीकडच्या बाकावर बसून रचल्या. आणि मला दिसत होतं म्हणालो ना तुम्हाला, माया म्हणालो, गालाखालचा खड्डा म्हणालो — तो खड्डा मी इथं आल्यावर बघितला. तिच्या घरी मला काही दिसत नव्हतं. कधीच काही दिसलं नाही, माणसाचंही नाही, खोक्याचंही नाही. ती चौकटीला धरून उभी राहायची आणि मी सवयीनं मान खाली घालायचो, आणि खाली फरशी होती, साहेब. मी फरशीकडे बघून बासष्ट म्हणायचो.

आलो, दाजी. — नाही, ओळखीचे नाहीत, असेच बसले होते. — डॉक्टरांना म्हणावं फाईल उघडू नका अजून, मला आधी बोलायचंय. हो, अक्काच्या समोरच. — तुम्ही जा आता, साहेब. सासरे वाट बघत असतील. जा ना. उभे कशाला राहिलात?